हलणारे अण्णा

डोंबिवली (पूर्व), १७ नोव्हेंबर १९९१

चि. महिपत,

आशीर्वाद पाठवीत आहे. किती ते लिहीत नाही, तू मोजून परत पाठवशील.

हे पत्र म्हणजे आमंत्रण नव्हे. समेट तर नव्हेच. अण्णांची तिथी, पौष शुद्ध अष्टमी, यंदा बारा जानेवारीला रविवारी येते हे पंचांगात छापलेले आहे. ते मी तुला कळवीत आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. वर्षश्राद्धाला मी माझे संस्कृत अष्टक वाचले, मंडळींनी हार घातलेल्या फोटोला नमस्कार केला, आणि तू वाढलेल्या पानावरून उठलास. "तुम्ही सगळ्यांनी मिळून अण्णांचा देव केलात. माझा बाप कुठे ठेवलात?" असे म्हणालास, चपला घातल्यास आणि ठाण्याला गेलास तो गेलासच. याला तीन वर्षे झाली. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून मीही बोलत नाही. लिहिणे हे बोलण्यात धरत नाहीत.

पत्राचे कारण निराळे आहे. मला तुझा एक तांत्रिक सल्ला हवा आहे.

आमच्या शेजारचा सहदेव मानपाड्याला एमआयडीसीत प्लास्टिकच्या खेळण्यांच्या कारखान्यात मशीनवर असतो. बालदिनाला शाळेत वाटायला त्याने पिशवीभर पैलवान आणून दिले. वीतभर उंच, हात खांद्यातून फिरतात, पाय कमरेतून. त्यातले बिघडलेले आमच्याकडेच उरले. कुणाचे दोन्ही हात डावे, कुणाची पावले पाठीकडे.

"बाई, ते टाकून द्या. नापास माल हाय तो," सहदेव म्हणाला.

"सहदेवा, माझा सगळा जन्म नापास मालातच गेलाय," मी म्हटले आणि पिशवी ठेवून घेतली.

पिशवीच्या तळाशी एक टकला पैलवान निघाला. मी मटार सोलत होते, ते बाजूला ठेवले. महिपत, ती हनुवटी अण्णांची आहे. तोच मधला खळगा, आणि समोरचा आता चुकणार अशी तीच खात्री. मानेखाली मात्र सगळा अनर्थ. अण्णांनी पोथी उचलण्यापलीकडे कधी व्यायाम केला नाही, आणि हे गृहस्थ लाल चड्डी घालून, दंड फुगवून उभे.

तर मी अण्णा करायला घेतले आहेत. फोटोतले नव्हे, हलणारे. प्रश्न असा की प्लास्टिकचे दंड उतरवायचे कसे? कानस वापरू की पॉलिश पेपर? तू आराखडे काढून पोट भरणारा माणूस आहेस. लग्न होताच नीलाच्या चहाच्या गाळण्याचासुद्धा तू आराखडा काढला होतास.

— विमल
(बोलत नसलेली)


डोंबिवली, १ डिसेंबर १९९१

हे भूपते,

उत्तर आले नाही, त्यामुळे मी कानस वापरली. एक दंड उतरला. दुसरा इतका उतरला की अण्णा एका बाजूने आजारी दिसतात. त्यावर उपरणे टाकले आहे. उपरण्याचा शोध असाच लागला असावा.

पोटाची हकीकत मोठी आहे. पैलवानाच्या पोटावर सहा खाचा असतात. अण्णांच्या पोटाला खाच म्हणून नव्हती, एकच सलग गोलाई होती. ती करण्यासाठी नळाला लावतात ते एम-सील आणले. त्याच्या दोन कांड्या एकत्र मळायच्या असतात. मी ते पोळपाटावर चांगले मळले, कणकेसारखे झाकून ठेवले, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. परत येते तो अण्णांचे पोट पोळपाटावर तयार, आणि पोळपाटापासून सुटायला नाराज. त्या दिवसापासून आमच्या पोळ्यांना मधोमध एक टेंगूळ येते. तुझे भावोजी रोज पोळी उजेडात धरतात आणि म्हणतात, "आज सासरेबुवा नीट उमटले आहेत."

दुसऱ्या पोटाला मी झाकले नाही. तेल लावलेल्या बोटाने फिरवले, आणि ते झकास बसले. त्याच्याखाली धोतर आले आहे. जुना हातरुमाल पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून नेसवला; निऱ्या वाळेपर्यंत चिमट्यांत धरून ठेवल्या. चष्मा फ्यूजच्या तारेचा. शेंडी तुझ्या भावोजींच्या दाढीच्या ब्रशची. ब्रशचे केस कसे गळू लागले याचे त्यांना अजून आश्चर्य वाटते. मी त्यात भर घातली नाही.

जानवे पांढऱ्या दोऱ्याचे केले. उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली असे झोकात बसले आहे. एकंदरीत साधले म्हणायचे.

मला तुझ्या उत्तराची अपेक्षा नाही. पत्रपेटी मी नुसती सवयीने उघडते.

— विमल


डोंबिवली, १० डिसेंबर १९९१

चि. महिपत,

पोस्टकार्ड पोचले. त्याला वर संबोधन नाही, खाली सही नाही, खुशाली तर नाहीच. ठाण्याचा शिक्का नसता तर पितरांनीच परस्पर टाकले असे मी समजले असते. मजकूर असा: "जानवे डाव्या खांद्यावर असते. उजव्यावर फक्त पितरांच्या कार्यात घेतात. अण्णा स्वतःचेच श्राद्ध घालीत आहेत काय?"

इतका संताप इतक्या थोड्या जागेत मावलेला मी पूर्वी फक्त अण्णांच्या अक्षरात पाहिला होता. दुरुस्ती केली आहे. आभार मानावेत तर ते कुणाचे, कार्डावर नाव नाही.

आता खरी अडचण सांगते.

अण्णा हलणारे करायचे म्हणजे काय हलवायचे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. तुझ्याही नसेल. कल्याणच्या घरी सकाळी आपण दोघे पाठांतराला बसायचो. तू अडखळलास की अण्णांचा उजवा हात वर जायचा. क्षणभर तिथेच थांबायचा. मग कोपरात वळून मागे जायचा, शेंडीची गाठ चाचपायचा आणि मुकाट खाली यायचा. मारायचे त्यांचे राहूनच गेले, जन्मभर. तरी तू दर वेळी मान आत घ्यायचास, कासवासारखी. माझ्या अष्टकात अण्णा सागरासारखे गंभीर आणि पर्वतासारखे स्थिर आहेत. हा हात त्यात आलेला नाही, वृत्तात बसत नव्हता.

तर तो हात करायला गेले, आणि लक्षात आले की पैलवानाला कोपर नाही. हात खांद्यातून अख्खा फिरतो. वर केला की वर जातो, आणि सोडला की थेट समोर येऊन आदळतो. परवा सहदेवची बायको जनी विरजण मागायला आली होती. तिने गंमत म्हणून अण्णांचा हात वर करून सोडला. समोर लसणाचा गड्डा होता, त्याच्या पाकळ्या सुटल्या.

"अगं बाई!" जनी म्हणाली. "बाई, तुमचे वडील लय मारकुटे होते वाटतं?"

महिपत, मी तिला दुप्पट विरजण दिले आणि 'नव्हते गं' एवढेच म्हटले, पण दिवसभर माझे कशात लक्ष लागेना. ज्या माणसाने कधी कुणाला बोट लावले नाही त्याच्यावर हा आळ, तोही माझ्या स्वयंपाकघरात, मीच केलेल्या हाताने. फोटोतल्या अण्णांवर असा आळ कुणी घेतला नसता, पण फोटोतले अण्णा कुणाला काहीच करीत नाहीत.

कोपर पाहिजे. कसे करू?

— विमल


डोंबिवली, २२ डिसेंबर १९९१

आराखडाकार महिपत यांस,

तुझे आंतर्देशीय उघडले आणि आम्ही दोघे बराच वेळ ते नुसते पाहत बसलो. पुढून, बाजूने, वरून, आणि मधून चिरून, असे एका कोपराचे चार देखावे! तुझे भावोजी म्हणाले, "एवढ्यात खाडीवरचा पूल झाला असता." मापे मिलिमीटरच्या अर्ध्यापर्यंत. पैलवान कोपरात कापायचा, दोन्ही तुकड्यांना भोक पाडायचे, आत सेफ्टी पिनेची तार घालायची, आणि बाहेरून एम-सीलने सांधा भरून घ्यायचा. सगळे आले, फक्त "ताईस" हा शब्द तेवढा कागदावर मावला नाही. समजू शकते, जागा कमी होती.

एक बातमी आहे. नीला गुरुवारी फडके रोडला मावशीकडे आली होती, ती उभ्या उभ्या डोकावून गेली. तिचे आणि माझे कधी भांडण नव्हते, त्यामुळे तिच्यावर डोळे वटारू नकोस. अण्णांना पाहून तिने आधी पदर सावरला, मग हसायला लागली. मी विचारले, "काय गं, त्याचं कसं चाललंय?"

"ताई, काय सांगू? ठाणे स्टेशनच्या बाहेरून एक पैलवान घेऊन आलेत."

"कशाला?"

"ऑफिसातल्या कुणाच्या मुलासाठी, म्हणे. आता त्या मुलाचा पैलवान आमच्या जेवणाच्या टेबलावर हात कापून पडलाय, आणि माझी शिवणाची पेटी उघडी. मी विचारलं की म्हणतात, 'तू तुझं बघ.'"

मला काय करायचे आहे? ऑफिसातल्या त्या मुलाला माझे आशीर्वाद सांग. त्याचे वय साधारण अठ्ठेचाळीस असावे.

उद्या शाळेला सुटी लागते. कोपराला हात घालीन.

— विमल


डोंबिवली, २ जानेवारी १९९२

चि. महिपत,

नव्या वर्षाची पहिली बातमी: अण्णांचा हात वर गेला आहे आणि तो खाली येत नाही.

तुझ्या आराखड्याबरहुकूम सर्व केले. सहदेवने करवतीचे पाते दिले. कापताना मी डोळे मिटले होते, हे आराखड्यात नव्हते, माझी भर. तार बसली, कोपर वळू लागले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग सांधा मजबूत व्हावा म्हणून एम-सील चांगले दाबून भरले, हात वर धरला, आणि वाळेपर्यंत तसाच राहू दिला.

आता तो आतून तारेसकट दगड झाला आहे. खांदाही त्यात धरला गेला. वळत नाही, फिरत नाही. चष्मा, शेंडी, धोतर, सगळे जिथल्या तिथे, आणि वर उगारलेला हात. तुझे भावोजी म्हणतात, शीळफाट्याला न थांबणाऱ्या एसटीला हात करणारा माणूस असाच दिसतो. सहदेव म्हणाला, "बाई, हा आता नापासातला पण नापास." जनी अण्णांच्या समोरून न जाता मागून वळसा घालून गेली, आणि ते मला जास्त झोंबले.

— विमल


डोंबिवली, ७ जानेवारी १९९२

महिपत,

तुझे कार्ड: "सांध्याला आतून तेल लावले होते काय?"

नाही. तुझा आराखडा मी पुन्हा वाचला, भिंग घेऊन. चार देखावे, जागोजाग मापे, बाण, तुटक रेघा. तेल कुठेही नाही. तू ते गृहीत धरलेस. पोटाला बोटाने तेल लावणाऱ्या बाईला कोपराला ते सुचले नाही, कारण आराखडा तुझा होता आणि मी तुला गृहीत धरले. या घराण्यात सगळे सगळ्यांना गृहीत धरतात आणि मग सांधे धरतात.

आता ऐक. रविवारी तिथी आहे. पाने मांडली जातील. मंडळी येतील, आणि अण्णा शेल्फावर हात उगारून उभे असतील. जो तो पाहील आणि मनात म्हणेल, असे होते तर अण्णा. मी लपवून ठेवणार नाही. तुझा बाप कुठे ठेवला असे तू विचारले होतेस. तर तो तिथे आहे, शेल्फावर, मारायच्या पवित्र्यात.

मला हे चालेल. तुला चालत असेल तर तसे कळव, म्हणजे मी कोपराचा नाद सोडते.

— विमल


डोंबिवली, १३ जानेवारी १९९२

चि. महिपत,

काल जे झाले ते तू स्वतः पाहिलेस, तरी मी लिहिणार. एक तर इतक्या दिवसांत पत्राची सवय लागली. आणि दुसरे, तू पाहत होतास हातांकडे. मी तुझ्याकडे पाहत होते, तेव्हा मला जे दिसले ते तुला दिसलेले नाही.

गुरुजी आटोपून गेले होते. पाने मांडत होते तेवढ्यात दार वाजले. तू दारात, काखेत कापडी पिशवी, आणि मागे नीला तोंडाला पदर लावून हसत. तू माझ्याकडे पाहिले नाहीस. "भावोजी, तो हात कुठाय?" असे तू विचारलेस, जणू महानगरपालिकेने तुला त्या हातासाठीच धाडले होते.

तुझे भावोजी म्हणाले, "या, या. वरच आहे, बऱ्याच दिवसांपासून."

मग तू स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाट घेऊन बसलास. पिशवीतून ऑफिसातल्या त्या मुलाचा पैलवान निघाला. तोही कानसलेला, आणि त्याला दोन चांगली वळणारी कोपरे! (तिसरे, मोडलेले, तू खिशात लपवलेस ते मी पाहिले.) त्याचा उजवा हात तू काढलास. आमच्या अण्णांचा दगडी हात खांद्यातून उपटताना तुझी जीभ ओठांतून बाहेर आली होती, लहानपणी पतंगाला कन्नी बांधताना यायची तशी. अण्णा माझ्या हातात धरायला दिलेस, तेही न बोलता. बोटाने खूण केलीस, तेल. मी खोबरेल दिले. एवढ्यात जनी आणि सहदेव दारात येऊन उभे राहिले, कारण आमच्या मजल्यावर बातमीला दार उघडावे लागत नाही.

हात बसला. तू अण्णांना ओट्यावर उभे केलेस, आपल्या तोंडासमोर. एका बोटाने हात वर केलास. तो वर गेला. थांबला. तू कोपराला किंचित बोट लावलेस, आणि तो वळला, मागे गेला आणि तुझ्या भावोजींच्या ब्रशच्या शेंडीला जाऊन टेकला.

महिपत, तू मान आत घेतलीस.

वीतभर प्लास्टिकपुढे, अठ्ठेचाळीस वर्षांच्या, चष्मा लावलेल्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाने खांदे कानांपर्यंत वर नेले आणि मान आत घेतली, कासवासारखी. हात वर गेला तेव्हाच. तुला कळलेसुद्धा नाही. नीलाने पाहिले, मी पाहिले. आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही, नाहीतर स्वयंपाकघरात पान वाढायच्या वेळी दोन बायका रडायला लागल्या असत्या, आणि वडे जळले असते.

सहदेवच पहिला बोलला. "आयला! बाई, हा तर मारतच नाय."

आणि तू वळून त्याला म्हणालास, "नाही. मारायचे नाहीत ते. कधीच नाही मारलं." मग तू पुन्हा हात वर केलास, पुन्हा शेंडीपर्यंत नेलास, आणि इतका मोठ्याने हसलास की शेल्फावरचे डबे वाजले. जनीने विचारले, मी करून बघू का. तू तिला करू दिलेस. मग सहदेवने केले. मग तुझ्या भावोजींनी, ब्रश ओळखून. मी करायला गेले तर तू ओरडलास, "ताई, हळू! कोपर तुटेल!"

तीन वर्षांतले पहिले 'ताई'. तुलाही ऐकू आले बहुधा, कारण तुझे कान लाल झाले. मग तू ओट्यावरचे तेल पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणालास, "ताई, पान वाढ. भूक लागली आहे."

तू किती वडे खाल्लेस ते नीला घरी मोजून सांगेल. मी बहीण आहे, मी मोजत नाही. एवढेच सांगते की या वेळी तू पानावरून उठलास तो हात धुवायला.

अण्णा तू घेऊन गेलास हे योग्यच झाले. संक्रांत तुझ्याकडे, पाडवा माझ्याकडे, असे फिरवू. मात्र त्यांना देवघरात ठेवू नकोस, आणि शोकेसमध्ये काचेमागेही नको. जेवणाच्या टेबलावर ठेव, तू चुकशील तिथे. तुझा तो दुसरा पैलवान एका हाताचा झाला म्हणून आमच्याकडेच राहिला आहे. आमच्याकडे उरलेला दगडी हात त्याला बसतो का ते पाहते. बसला तर तो आपल्या गणपतकाकांसारखा दिसेल. ते खरोखर मारायचे.

अण्णा सुखरूप पोचल्याचे कार्ड टाक. दोन ओळी पुरेत. वर काय लिहायचे ते तुला काल आठवले आहे.

तुझी,
ताई

ता. क. नीलाने जाता जाता मला विचारले, जानव्याची ती चूक कशी काय झाली. तिला मी काही सांगितले नाही, तुलाच विचारते. संस्कृत शिकवून केस पांढरे केलेली, अण्णांच्या हाताखाली वाढलेली तुझी बहीण, जानवे कुठल्या खांद्यावर असते हे विसरेल, असे तुला खरेच वाटले होते काय?